बुरशी आलीच नाही, आता वहीत काय लिहायचं?

वाचकांचे प्रश्न : घरातलं विज्ञान

सातवीच्या ‘अन्नपदार्थांची सुरक्षा’ या धड्याच्या आगेमागे शाळांमधून अन्नबिघाडाचा प्रकल्प हमखास मिळतो. या वेळची बरीच पत्रं त्याच विषयावरची आहेत, म्हणून हे सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे.

मुलगी सातवीत आहे. ब्रेडच्या चार स्लाइस ठेवल्या : एक टेबलावर उघडी, एक डब्यात, एक फ्रिजमध्ये आणि एक लिंबाचा रस शिंपडून. आज दहावा दिवस आहे, एकीलाही बुरशी नाही. उघडी स्लाइस तर टोस्टसारखी कडक झाली आहे. प्रकल्प पंधरा दिवसांनी द्यायचा आहे. आमचं काय चुकलं? (गोरेगाव)

दोन गोष्टी झाल्या आहेत आणि दोन्ही वहीत लिहिण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट ब्रेडच्या वेष्टनावर सापडेल. घटकांच्या यादीत ‘प्रिझर्वेटिव्ह २८२’ असं छापलं आहे का, ते मुलीला शोधायला सांगा. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट. बुरशीची वाढ लांबवण्यासाठीच ते घालतात आणि त्याला कायद्याची परवानगी आहे. ज्या ब्रेडला बुरशी येऊ नये अशी व्यवस्था कारखान्यातच केलेली आहे, त्यावर तुम्ही बुरशीची वाट पाहत होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पंखा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, पण ते रुजायला ओल लागते. उघडी स्लाइस बुरशी धरण्याआधीच वाळली. पापड, कुरडया, सांडगे वर्षभर टिकतात ते याच कारणाने. वेसाव्याच्या किनाऱ्यावर वाळणारे बोंबीलही. ‘उघडं ठेवलं की लवकर खराब होतं’ असं गृहीत धरून मुलं सुरुवात करतात आणि प्रत्यक्षात झाकलेल्या, ओल धरलेल्या पावावर आधी बुरशी येते. ही चूक नाही, हा निष्कर्ष आहे.

पंधरा दिवस भरपूर आहेत. पुन्हा करा, पण ब्रेडऐवजी बेकरीतला ताजा लादीपाव घ्या. काही बेकऱ्याही टिकवण्यासाठी काहीतरी घालतात, म्हणून विकत घेतानाच विचारा. सगळे पाव एकाच दिवशी, एकाच लादीतले हवेत.

आता प्रश्न एकच ठरवा. तुमच्या आधीच्या मांडणीत फ्रिज होता, डबा होता आणि लिंबूही होतं. म्हणजे तापमान, ओल आणि आंबटपणा अशा तीन गोष्टी एकदम बदलल्या. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. समजा प्रश्न घेतला ‘तापमानाने काय फरक पडतो?’ तर पाव सुरीने आडवे कापा आणि फक्त खालचे अर्धे भाग घ्या, कारण वरच्या भागाला चकचकीत, कोरडी पाठ असते. असे नऊ भाग हवेत : तीन स्वयंपाकघरातल्या फळीसाठी, तीन फ्रिजसाठी, तीन फ्रीझरसाठी. प्रत्येक जागी एकच पाव ठेवला आणि नेमका त्याच्यावरच बीजाणू कमी पडले असतील तर निकाल उलटा येतो. तिन्हींची सरासरी घेतली की हा धोका बराच कमी होतो.

प्रत्येक भागाच्या कापलेल्या बाजूवर ड्रॉपरने १० थेंब पाणी सोडा, म्हणजे साधारण अर्धा मिली. थेंब मोजूनच घाला. पाव चिंब झाला तर बुरशीऐवजी जिवाणू वाढतात आणि त्याचा चिकट लगदा होतो. पाव तासभर एकाच ताटात उघडे ठेवा, म्हणजे सगळ्यांना सारखीच हवा लागेल. मग एकेक भाग झिप-लॉक पिशवीत घालून, आत थोडी हवा ठेवून पिशवी बंद करा आणि तोंडावर चिकटपट्टी लावा. पिशवीवर क्रमांक, जागा, तारीख आणि वेळ लिहा. यानंतर पिशवी उघडायची नाही.

मोजायचं कसं? ‘थोडी बुरशी’, ‘खूप बुरशी’ हे मोजमाप नव्हे. पारदर्शक फाइल-कव्हरचा तुकडा घ्या, त्यावर मार्करने १ सेंमीचे चौकोन आखा. रोज ठरावीक वेळी हा तुकडा पिशवीवर ठेवायचा आणि अर्ध्याहून जास्त भरलेले चौकोन मोजायचे. पाव ७ सेंमी बाय ७ सेंमी असेल तर एकूण ४९ चौकोन. त्यांपैकी किती भरले त्याची टक्केवारी काढा. पहिली बुरशी पांढरी असते आणि पांढऱ्या पावावर ती दिसत नाही, म्हणून टॉर्च तिरका धरून पाहा. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमले असतील तर बाहेरून हलकी टिचकी मारा. हिरवा, काळा किंवा राखाडी रंग नंतर येतो, बीजाणू तयार झाल्यावर. मुंबईच्या दमट हवेत फळीवरच्या पावांवर बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे धागे दिसतील. थंडीत एखाद-दोन दिवस जास्त धरा.

फ्रिजमधले पाव तोवर स्वच्छ दिसतील. तिथे मुलीला थांबवा. ‘फ्रिजमध्ये बुरशी येत नाही’ असं लिहू देऊ नका. ‘आठ दिवसांत दिसली नाही’ असं लिहायचं. ४ अंश सेल्सिअसला बुरशी मरत नाही, मंदावते. फ्रिजमधला पाव पिशवीवरून दाबला तर कडकही वाटेल, पण तो वाळलेला नसतो. पिशवी बंदच आहे, पाणी जाणार कुठे? पावातला शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट रचला जातो, म्हणून असं होतं. याला शिळं होणं म्हणतात, खराब होणं नव्हे. वहीत या दोन शब्दांना दोन वेगळे रकाने हवेत.

लिंबाचाच प्रश्न घ्यायचा असेल तर सगळे पाव एकाच फळीवर ठेवा. तीन भागांवर १० थेंब गाळलेला लिंबाचा रस आणि तीन भागांवर १० थेंब साधं पाणी. रसाबरोबर पाणीही जातं, म्हणून समोरच्या गटाला तेवढंच पाणी मिळालं पाहिजे. फार मोठ्या फरकाची अपेक्षा मात्र ठेवू नका. बुरशी आंबटपणा बराच सोसते; टोपलीतल्या लिंबालाच हिरवी बुरशी धरते, हे मुलीने पाहिलं असेलच.

मुलाला दमा आहे. सासूबाई म्हणतात, घरात मुद्दाम बुरशी वाढवायची नाही. शाळेला काय सांगू? (चेंबूर)

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. बुरशीचे बीजाणू दम्याचा त्रास वाढवू शकतात आणि एक-दोन खोल्यांच्या घरात पिशवी ‘लांब’ ठेवायला जागाच नसते. शाळेला दुसरा प्रयोग मागा. खालचा दुधाचा किंवा पिठाचा प्रयोग याच धड्यात बसतो.

ज्यांच्या घरी ही अडचण नाही, त्यांनीही एवढं सांभाळावं. मासे, मटण, चिकन, अंडं यांवर हा प्रयोग करू नये. बुरशीबरोबर आजार आणणारे जिवाणूही वाढतात. पिशवी नाकाशी नेऊन वास घ्यायचा नाही. शिजवलेली भाजी किंवा वरण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून दिवसच्या दिवस ठेवायचं नाही. आत वायू साठून बरणी फुटू शकते, शिवाय हवा नसलेल्या जागी बोटुलिनम नावाचं अतिशय घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. पाव बंद करताना पिशवी वापरली ती म्हणूनच; फुगली तर नुसती दिसते, काचा उडत नाहीत.

प्रयोग संपला की पिशवी न उघडता दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारा. ओल्या-सुक्यात वेगळं करताना सफाई कामगाराने ती उघडू नये, म्हणून वर ठळक अक्षरांत ‘बुरशी आहे, उघडू नये’ असं मराठीत आणि हिंदीत लिहा. हे काम मुलाकडूनच करून घ्या, तेही प्रयोगाचाच भाग आहे.

मुलाने पिशवीतलं दूध दोन वाट्यांत ठेवलं, एक तापवलेलं आणि एक न तापवलेलं. तापवलेलं आधी नासलं! बाई म्हणाल्या, काहीतरी घोटाळा झाला. (परळ)

घोटाळा झाला, पण दुधात नाही, मांडणीत.

पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं. साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून ते लगेच थंड करतात. रोगजंतू त्यात मरतात, सगळे जिवाणू मात्र मरत नाहीत. तुमच्या मुलाने न तापवलेलं दूध फ्रिजमधून थेट वाटीत ओतलं असणार. ते थंड असल्यामुळे त्यातल्या जिवाणूंना जोर धरायला वेळ लागला. तापवलेलं दूध मात्र पातेल्यात हळूहळू निवत राहिलं, कदाचित झाकण न ठेवता. उकळीतही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट दुधात जागे होतात. त्यात ओतायला वापरलेली पळी किंवा वाटी दह्याची असेल तर विरजणच लागलं. दोन्ही दुधांची शर्यत एका रेषेवरून सुरूच झाली नाही.

पुन्हा करताना सहा स्टीलचे पेले आणि सहा चमचे घ्या. ते पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पालथे घालून निथळू द्या. फडक्याने पुसू नका. स्वयंपाकघरातलं फडकं ही जिवाणूंची मोठी वसाहत असते. एकाच पिशवीतलं ३०० मिली दूध उकळी येईपर्यंत तापवा, झाकण ठेवून पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि पाणी दोनदा बदला. उरलेलं ३०० मिली न तापवलेलं दूध झाकून साध्या पाण्यात ठेवून खोलीच्या तापमानाला आणा. दोन्ही सारखी झाली की प्रत्येक पेल्यात जवळपास १०० मिली ओता, वर ताटली झाका आणि तिथून घड्याळ लावा. खोलीचं तापमान लिहायला विसरू नका. मे महिन्यातल्या आणि जानेवारीतल्या निकालांत काही तासांचा फरक पडतो.

दर दोन तासांनी प्रत्येक पेल्यातलं एक चमचा, म्हणजे ५ मिली दूध परीक्षानळीत किंवा अगदी छोट्या वाटीत घ्या. ती उकळत्या पाण्यात पाच मिनिटं उभी ठेवा, मग तिरकी करून पाहा. कडेला बारीक गुठळ्या चिकटल्या तर ते दूध ‘नासलं’. दूध संकलन केंद्रांवर हीच चाचणी वापरतात. प्रत्येक पेल्याचा चमचा वेगळा ठेवा आणि काढलेलं दूध पेल्यात परत टाकू नका. सकाळी सहाला सुरुवात केलीत तर निदान न तापवलेल्या दुधाचा निकाल रात्री झोपायच्या आत लागण्याची शक्यता बरीच असते. उकळतं पाणी मोठ्या माणसाने हाताळायचं, चव कुणीच घ्यायची नाही.

गुठळ्या का होतात, हे मुलाला सांगता आलं पाहिजे. पीएच म्हणजे आंबटपणा दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट. ताज्या दुधाचा पीएच ६.७ च्या आसपास असतो. जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि तो उतरत जातो. ४.६ च्या जवळ आला की दूध थंड असतानाही फाटतं. त्याच्या बरंच आधी अशी अवस्था येते की दूध दिसायला ठीक असतं, पण उष्णता सोसत नाही. फ्रिजबाहेर राहिलेलं दूध गॅसवर ठेवताच फाटतं ते यामुळेच. पीएच पट्ट्या वापरायच्या असतील तर ४ ते ७ या टप्प्यातल्या घ्या, प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा. १ ते १४ च्या पट्टीवर हा फरक डोळ्यांना कळत नाही, आणि माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या पट्ट्यांचा टप्पा साधारण ६ च्या वर सुरू होतो.

मूल आठवी-नववीत असेल तर मिथिलिन ब्ल्यू हा निळा रंग वापरून पाहा. क्रॉफर्ड मार्केटजवळ शोभेच्या माशांच्या दुकानांत ते द्रावण मिळतं. छोट्या बाटलीत दूध काठोकाठ भरा, फिकट आकाशी रंग येईल एवढेच थेंब घाला आणि झाकण लावून बाटली ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. जिवाणू दुधातला ऑक्सिजन संपवतात तसा रंग उडत जातो. जितक्या लवकर उडेल तितके जिवाणू जास्त. वरचा पातळ थर निळाच राहतो, कारण तिथे हवा लागते. मध्येच कुणी बाटली हलवली की सगळं दूध पुन्हा निळं होतं, आणि मुलांना नेमकं तेच करायचं असतं. निकाल नोंदवून झाला की जरूर हलवू द्या. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरा, हा डाग सहज जात नाही.

कापलेलं सफरचंद काळं पडलं, हा अन्नबिघाड आहे का? मुलाच्या गटात यावरून वाद झाला आहे. (दहिसर)

जिवाणूंमुळे झालेला बिघाड नाही. सफरचंदाच्या पेशी कापल्या गेल्या की आतलं विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी रंग तयार करतं. वांगं आणि कच्चा बटाटा चिरल्यावर हेच होतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो.

वाद मिटवायला ‘खराब होणं’ हा शब्दच बाजूला ठेवा. आपल्या स्वयंपाकघरात त्याला किती नेमके शब्द आहेत, ते बघा. पीठ आंबतं : जिवाणू आणि यीस्ट आम्ल व वायू तयार करतात. दूध नासतं. पाव बुरसतो. टोमॅटो कुजतो, म्हणजे सूक्ष्मजीव त्याच्या पेशीभिंती विरघळवतात आणि पाणी सुटतं. उरलेल्या भाताला तार सुटते. जिवाणूंनी तयार केलेला चिकट पदार्थ बोटाला ओढला जातो. सुकं खोबरं, शेंगदाणे आणि फरसाण खवट होतं. तिथे सूक्ष्मजीवांचा फारसा संबंध नाही, तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उजेडाने तो वाढतो, म्हणून वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात. पापड सादळतो : त्याने फक्त हवेतली ओल घेतली आहे, भाजला की पुन्हा कुरकुरीत. तांदळात टोके होतात, तो किडीचा मामला. बटाटा हिरवा पडतो, त्यात उजेडामुळे सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं; तो हिरवा भाग खाऊ नये.

गटाने हे शब्द एका कागदावर डावीकडे लिहावेत आणि प्रत्येकासमोर ‘कोणामुळे?’ आणि ‘काय केलं असतं तर थांबलं असतं?’ असे दोन रकाने भरावेत. बाकी तक्ता सजवण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे. भाताच्या ओळीत एक गोष्ट ठळक लिहा : उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात बाहेर राहिला तर त्यांचं विष तयार होऊ शकतं, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. वासावरूनही ते ओळखता येत नाही.

निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही तर गुण जातील, म्हणून मुलगी आकडे बदलू पाहते आहे. (कांजूरमार्ग)

बदलू देऊ नका. आधीच्या पानावरची अपेक्षा खोडायचीही नाही. ‘अपेक्षा’, ‘प्रत्यक्ष’ आणि ‘फरकाचं संभाव्य कारण’ असे तीन मथळे घालून लिहायला सांगा. तिसऱ्या मथळ्याखाली जे येईल ते तिला खरोखर समजलं आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. एखादी पिशवी फाटली, एक दिवस नोंद राहिली, रात्रभर वीज गेली, तेही तारखेनिशी लिहा. राहिलेल्या दिवसाचा रकाना मोकळा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. रोजचा फोटो त्याच खिडकीच्या उजेडात, त्याच अंतरावरून, बाजूला मोजपट्टी ठेवून काढा.

परवा प्रकल्प द्यायचा आहे आणि आज कळलं! (माहीम)

मग बुरशी विसरा, इडलीचं पीठ घ्या. दोन वाट्या इडलीचा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ; वेगवेगळं पाच तास भिजवून आजच वाटा. दुकानातलं तयार पीठ नको, ते आधीच आंबायला लागलेलं असतं. तीन सरळ कडांचे काचेचे ग्लास एक तृतीयांश भरा. पहिला फळीवर, दुसरा फ्रिजमध्ये. तिसऱ्यातल्या पिठात दोन सपाट चमचे मीठ कालवून तोही फळीवर ठेवा. पिठाच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावा, वर ताटली झाका आणि दर तासाला पीठ रबरबँडच्या किती मिलिमीटर वर आलं ते नोंदवा. वाटण रात्री नको, संध्याकाळच्या आत व्हायला हवं; नाहीतर पीठ फुगण्याचे महत्त्वाचे तास झोपेत जातात.

खोलीत ३० अंशांच्या आसपास तापमान असेल तर सहा ते आठ तासांत फळीवरचं पीठ दुपटीजवळ जातं. फ्रिजमधलं जवळपास जागेवर राहतं, खूप मिठाचं मागे पडतं. डाळ-तांदळावर मुळातच असलेले जिवाणू हे काम करतात. पीठ फुगवणारा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पीठ वर चढून नंतर खाली बसलं तर घाबरू नका, वायू निसटला आहे. आलेखात ती उतरती रेघही दाखवा. मोजपट्टी बाहेरूनच लावली असेल तर फळीवरच्या आणि फ्रिजमधल्या पिठाच्या इडल्या करायला हरकत नाही. फ्रिजमधलं पीठ आधी चांगलं फुगेपर्यंत बाहेर ठेवा, नाहीतर इडल्या दडस होतील.